बारा जणांची भिंत सातांवर आणू नका

आमच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतले सर्व सदस्य यांना,
सप्रेम नमस्कार.

आम्ही तुमचे प्रेक्षक. वर्षभरापूर्वी एकमेकांना ओळखतही नव्हतो. हळदीच्या पेठेतले एक दिवाणजी, दोन शिक्षिका, एसटीतून निवृत्त झालेले एक चालक, मिरजेच्या भजनी मंडळातले मृदंग वाजवणारे काका, भरतनाट्यम शिकवणाऱ्या एक बाई, इंजिनिअरिंगची चार मुलं आणि मी. तुमच्या 'घाशीराम कोतवाल'चा सांगलीतला पहिला प्रयोग संपला आणि बाहेर चहाच्या गाड्यावर बोलता बोलता ओळखी झाल्या. मग मिरज, तासगाव आणि विटा हे पुढचे तिन्ही प्रयोग आम्ही मिळून बघितले. विट्याला तर दोन गाड्या करून गेलो. प्रत्येक वेळी तिकीट काढून.

मागच्या आठवड्यात तुमच्याच एका कलाकाराकडून कळलं, की पुढच्या हंगामात प्रयोग आटोपशीर होणार आहे. भिंत, म्हणजे मंचावर ओळीने उभी राहून गाणारी-नाचणारी माणसं, बाराऐवजी सात जणांची. गाणारे-वाजवणारे बंद, संगीत सगळं आधी मुद्रित करून घ्यायचं. मध्यंतर काढून टाकायचं आणि नाटक दीड तासात बसवायचं. कारणंही कळली. तीसेक माणसं न्यायची म्हणजे मोठी गाडी, दोन वेळचं जेवण, रात्रीचा मुक्काम. कुणाला बँकेतून रजा मिळत नाही, कुणाची परीक्षा आडवी येते. तालुक्याच्या गावी रंगमंच लहान असतो. यातलं एकही कारण खोटं नाही. हौशी मंडळ चालवणं म्हणजे काय, हे आमच्यातल्या दोघांनी स्वतः भोगलंय. तरीही हे पत्र लिहावं लागतंय, कारण तुम्ही जे काढायला निघाला आहात, नेमकं त्याच्यासाठी आम्ही चार वेळा आलो.

सांगलीच्या प्रयोगाची सुरुवात सांगतो. पडदा वर गेला तर समोर काहीच नाही, फक्त एका ओळीत बारा माणसं. धोतर, उपरणं, डोक्याला शेंडीचे टोप. झांज वाजली, मृदंगाने ठेका धरला आणि ती ओळ डावीकडून उजवीकडे झुलायला लागली. त्यांच्या पुढ्यात गणपती नाचत आला, मग सरस्वती, मग लक्ष्मी. माझ्या शेजारच्या शिक्षिका हळूच म्हणाल्या, "अहो, हे तर आपल्याच गावातलं." त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी पटवर्धन सरकारांच्या आश्रयाने सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा सूत्रधार पदं गायचा आणि पात्रं नाचत यायची. तिथेही आधी गणपती यायचा, सरस्वती मोरावर बसून नाचत यायची, विदूषक मध्ये बडबडायचा. भाव्यांच्या डोळ्यांसमोर कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ होता. पुढे नाटक बंदिस्त झालं, रंगवलेले पडदे आले, पदांची जागा नाट्यगीतांनी घेतली आणि नाचणारे देव कोकणातल्या दशावतारात आणि नमन-खेळ्यांत तेवढे उरले. १९७२ साली विजय तेंडुलकरांनी 'घाशीराम' लिहिलं, जब्बार पटेलांनी बसवलं, तेव्हा ते नाचणारे देव शहरातल्या रंगमंचावर परत आले. आणि आता, जिथून ते निघाले होते त्या गावात तुम्ही त्यांना नाचवलंत. पहिल्या पाच मिनिटांतच आमचा गळा दाटून आला, त्याचं कारण हे.

आता भिंतीबद्दल. तिच्याविषयी आम्ही चहाच्या गाड्यावर जितकं बोललोय तितकं नानाबद्दल किंवा घाशीरामबद्दलही बोललेलो नाही. नाना म्हणजे पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस, आणि घाशीराम म्हणजे आपली पोर गौरी त्यांच्या हवाली करून पुण्याची कोतवाली, म्हणजे शहराचा बंदोबस्त, मिळवणारा बाप.

त्या बारा माणसांना नाव नाही, स्वतःची अशी वाक्यं फारशी नाहीत, पण दोन-अडीच तास ती मंचावरून हलत नाहीत. तोंडं आमच्याकडे असली की ते पुण्याचे ब्राह्मण. पाठ फिरवली की वाड्याची भिंत, आणि भिंतीमागे काय चाललंय ते आम्हाला दिसत नाही. मधले दोघे बाजूला झाले की दरवाजा. नाना गौरीच्या मागे धावतो तेव्हा हेच लोक हात वर करून झाडं होतात आणि ती पोर त्या झाडांमधून वाट शोधते. बावन्नखणीकडे, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीकडे, निघालेले लोक कीर्तनाला चाललोय असं सांगतात, तिथे अभंगाची चाल बघता बघता लावणीत शिरते. तुमच्या भिंतीने तो बदल पायांवर आणला होता. भजनाची पावली खेळता खेळता टाच कधी उचलली गेली आणि कंबर कधी लवली, ते तीनदा बघूनही मला पकडता आलं नव्हतं. विट्याला मुद्दाम फक्त पायांकडे बघत बसलो, तेव्हा कळलं, की डावीकडून तिसरा मुलगा सगळ्यांच्या अर्धी मात्रा आधी सुरू करतो आणि मग ती लाट पुढे पसरत जाते.

आणि कोठडी. दूरून आलेले तैलंगी ब्राह्मण घाशीरामच्या कोठडीत कोंडले जातात, तो प्रसंग. तुमच्या दिग्दर्शकांनी तिथे प्रकाश कमी केला आणि बारा जणांना एकमेकांना इतकं चिकटून उभं केलं, की उपरणी एकमेकांत अडकली. गाणं थांबलं. फक्त श्वास. आधी सगळ्यांचा एकत्र, मग अकरा जणांचा, मग दहा जणांचा. शेवटी एकाचा. प्रेक्षागृहात कुणी खोकलं नाही. निवृत्त चालक आमच्यात सगळ्यात मोठ्याने बोलणारे, पण त्या रात्री परतीच्या वाटेवर ते गप्प होते. आयर्विन पूल ओलांडताना एवढंच म्हणाले, "मी मोजत होतो हो. एकेक जण कमी होताना मोजत होतो."

सात जणांत ते मोजणं होणार नाही. सात माणसं आमच्या नाट्यगृहाची रुंदी भरत नाहीत. मध्ये फटी पडतील, फटीतून मागचं दिसेल आणि मग भिंत काही लपवते आहे हे नाटकातलं मुख्य सूत्रच निसटून जाईल. सातांची गर्दी होत नाही. शेवटी घाशीरामवर दगड पडतात तेव्हा तो एकटा आणि समोर अख्खं शहर आहे असं वाटलं पाहिजे. सात जण म्हणजे भांडायला आलेले शेजारी.

मुद्रित संगीताबद्दल आमचं मत इतकं ठाम का आहे, हे सांगायला मला तासगावला जावं लागेल. तिथला प्रयोग तुम्हाला वाईट गेला असं तुमच्या सचिवांचं मत असल्याचं ऐकलं. आमच्या लेखी चारांतला तोच सर्वांत चांगला. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला सगळे माइक एकदम बंद पडले. व्यवस्थेतला एक माणूस विंगेत वायरी हलवत होता, हे आम्हाला तिसऱ्या रांगेतून दिसत होतं. मागच्या रांगांतून शिट्ट्या सुरू झाल्या. तेवढ्यात भिंतीने काय केलं? बारा जण एक पाऊल पुढे आले. नुसतं एक पाऊल. आणि खड्या आवाजात गायला लागले. मृदंगवाल्याने थाप मोठी केली, झांजवाला उठून उभा राहिला. पंधरा-वीस मिनिटं असंच चाललं आणि शेवटच्या रांगेपर्यंत शब्दन् शब्द पोचत होता. आमच्या भजनी काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, की चाळीस वर्षं मी हेच करत आलो, पण नाटकात हे असतं हे मला ठाऊक नव्हतं. माइक परत सुरू झाले तेव्हा आम्हाला उलट वाईट वाटलं. त्या रात्री संगीत ध्वनिमुद्रित असतं तर काय झालं असतं, याचा विचार कार्यकारिणीने करावा.

विट्याला वेगळीच गोष्ट. नानाच्या लग्नाच्या नाचात त्याच्या अंगरख्याचा घोळ पायात आला आणि तो गुडघ्यावर बसला. पडलाच म्हणा. वाजवणाऱ्यांची नजर त्याच्या पायांवर होती. सम आली, पण त्यांनी तुकडा संपवलाच नाही. आणखी एक आवर्तन घेतलं, मग आणखी एक. नानाने बसल्या बसल्या हात पसरले, दोन्ही बाजूंच्या पोरींनी त्याला उचललं आणि तिघं बरोबर समेवर उभे राहिले. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, तसंच बसवलंय. भरतनाट्यमच्या बाईंनीच आम्हाला नंतर उलगडून सांगितलं. वाजवणारा माणूस नाचणाऱ्याची वाट बघतो. मुद्रित केलेलं संगीत कुणाची वाट बघणार?

शिवाय आपण कुठे राहतो? मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आजही भोपळ्याच्या सतारी आणि तंबोरे तयार होतात आणि देशभर जातात. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात होणाऱ्या मैफलींना गर्दी करणारी माणसं आपल्या भागातली आहेत. गावोगाव भजनी मंडळं आहेत, यात्रेला हलगी आहे, ढोलकी आहे. वाजवणारे मिळत नाहीत असं इथे कुणी म्हणू नये. भास्कर चंदावरकरांनी या नाटकाला संगीत दिलं तेव्हा कीर्तन, अभंग, लावणी, भारूड हे सगळं एका धाग्यात ओवलं. त्या सगळ्याचे वारस आपल्याकडे एसटीच्या एका टप्प्याच्या अंतरावर राहतात.

आता जे आवडलं नाही तेही सांगतो, म्हणजे आम्ही केवळ कौतुक करणारे आहोत असं वाटायला नको.

नाटकातल्या गुलाबी या कलावंतिणीची लावणी चारही वेळा खटकली. मुलगी मेहनती आहे, ताल पक्का आहे, पण तिला सिनेमातल्या लावणीसारखं बसवलंय. सगळा जोर कंबरेच्या झटक्यांवर. बैठकीच्या लावणीत डोळा आणि हाताचं बोट किती बोलतं, हे भरतनाट्यमच्या बाईंनी तिथेच फुटपाथवर करून दाखवलं. त्या मुलीला आठ दिवस एखाद्या जुन्या जाणत्या लावणी कलावतीकडे पाठवा. येण्याजाण्याचा खर्च आम्ही करू. चाळांचा आवाज माइकमधून फाटतो, तेही बघा. सूत्रधार छान गातो, पण घाईत शब्द गिळतो. पहिल्या अंकातला नाना जरा जास्तच हसवतो आणि त्यामुळे गौरी त्याच्या वाड्यात जाते तेव्हा जी भीती वाटायला हवी ती उशिरा वाटते. इंजिनिअरिंगच्या मुलांचं मत याच्या उलट आहे. ती म्हणतात, आधी हसलो म्हणूनच नंतर आपल्या हसण्याची लाज वाटली. यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

घाशीराम करणाऱ्या तरुणाबद्दल मात्र एकमत आहे. रमण्यातल्या, म्हणजे दक्षिणा वाटायच्या जागेवरच्या, मारहाणीनंतर तो धुळीतून उठतो आणि पुण्याला शाप देतो, तिथला नाच हा नाच वाटतच नाही. अंगात आल्यासारखा पाय आपटतो. शेवटी तोच नाच परत येतो, हात बांधलेले, तोल जाणारा, आणि स्वतःच मार मागून घेणारा. तेव्हा पहिल्या अंकातला तो अपमानित, परप्रांतातून आलेला ब्राह्मण डोळ्यांपुढे उभा राहतो. दुसऱ्या शिक्षिका म्हणाल्या, "मला त्याचा रागही येत होता आणि त्याच्या पोरीसाठी पोटात तुटतही होतं." पोरीला विकून कोतवाली घेणाऱ्या बापाबद्दल असं वाटायला लावणं सोपं नाही.

दिवाणजींचं सांगितलंच पाहिजे. नाना फडणवीसांबद्दल त्यांना नितांत आदर. बारभाईंचा कारभार, पडत्या काळात राज्य सांभाळणं, हे सगळं त्यांना मुखोद्गत. सांगलीला ते मध्यंतरात उठून बाहेर चहाच्या गाड्यावर गेले होते. मिरजेला पुन्हा आले आणि शेवटपर्यंत बसले. १७९१ मध्ये घाशीरामला पुण्यात लोकांनी दगडांनी ठेचून मारलं हा इतिहास, पण नाटकातला नाना खरा नव्हे, असं त्यांचं आजही म्हणणं आहे आणि नाटककारानेही हे नाटक ऐतिहासिक असल्याचा दावा कधी केला नाही. मग परत का आलात, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "नाना-घाशीराम राहू द्या बाजूला. ती बारा माणसं आधी घाशीरामला बडवतात, मग त्याला घाबरून झुकतात, मग त्याला ठेचतात, आणि पुन्हा ओळीत उभी राहून देवाचं नाव घेतात. ती मला झोपू देईनात." नाटकाबद्दल नाराज असलेल्या माणसाला जी भिंत परत खेचून आणते, तिच्यातली पाच माणसं तुम्ही कमी करणार आहात.

तुमच्या अडचणी नव्या नाहीत, हेही आदराने आठवण करून देतो. हे नाटक १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा झालं, ते प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनच्या हौशी मंडळींनी केलं. दिग्दर्शक जब्बार पटेल मुलांचे डॉक्टर. नाना झालेले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. नृत्यं बसवली कृष्णदेव मुळगुंदांनी आणि नाचणारे बहुतेक जण नर्तक नव्हते. तुमच्यासारखीच नोकरी, दवाखाना, कॉलेज सांभाळून आलेली माणसं. १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवलं, तेव्हा या मंडळींनी १९७३ च्या मार्चमध्ये थिएटर अकॅडमी ही नवी संस्था काढली आणि १९७४ च्या जानेवारीत प्रयोग पुन्हा सुरू केले. १९८० साली अख्खा संच युरोपला गेला. विरोध होता, पैसा नव्हता, माणसं पुष्कळ होती. भिंत तरीही गेली.

काहीतरी कापायलाच हवं असेल तर आमच्या मते काय कापावं, ते सांगतो. मागे लावलेला तो मोठा पडदा काढून टाका, ज्याच्यावर शनिवारवाड्याची आणि पर्वतीची चित्रं सरकत असतात. आमच्यातल्या एकालाही तो आवडलेला नाही. पुढे बारा माणसं जिवंत वाडा होऊन उभी असताना मागे उजळलेला वाडा कशाला? डोळा तिकडे ओढला जातो आणि भिंतीच्या हालचाली सुटतात. त्याचं भाडं, त्याच्यासाठी लागणारी वेगळी गाडी आणि तो चालवायला येणारी दोन माणसं, एवढं वाचलं तरी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा जेवणखर्च निघेल असं तुमच्याच नेपथ्यवाल्यांनी मला सांगितलं. धुराचं यंत्रही काढा. कोठडीच्या प्रसंगात त्या धुराने भिंतीतल्या मुलांना खोकला येतो, हे मिरजेला पहिल्या रांगेतून स्पष्ट ऐकू येत होतं. पायऱ्यांचे चौथरे दोनच ठेवा. मध्यंतर मात्र राहू द्या. विट्याला मध्यंतरात एक आजी सुनेला विचारत होत्या, त्या पोरीचं पुढं काय होतं गं? तो प्रश्न घेऊन बाहेर पाच मिनिटं उभं राहायला मिळालं पाहिजे.

भिंतीसाठी माणसं कमी पडतात म्हणता, तर भजनी काका सहा तरुण आणून द्यायला तयार आहेत. त्यांच्या मंडळातली मुलं, पावली रोजची पायांत, आवाज मोकळे. नाटक कधी केलेलं नाही, पण उभं राहून गाता येतं, आणि एकमेकांचं ऐकत गाता येतं. त्यांच्यातले काही राखीव ठेवा, म्हणजे कुणाची रजा नाकारली गेली तरी प्रयोग अडणार नाही. शिक्षिकांनी त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलून सुट्टीच्या दिवशी शाळेची बस डिझेलच्या खर्चात मिळवून द्यायचं कबूल केलंय. जत आणि आटपाडीला आमच्या ओळखीची घरं आहेत, मुक्कामाची सोय होईल, भाकरी-पिठलं मिळेल. हळदीच्या पेठेतून दिवाणजी स्वतः वर्गणी गोळा करणार आहेत. वहीचं पहिलं पान त्यांनी घातलंय आणि पहिली रक्कम स्वतःच्या नावावर लिहिलीय.

तुमची तालीम रविवारी संध्याकाळी सहाला असते, हे आम्हाला माहीत आहे. येत्या रविवारी आम्ही सगळे येतोय. मृदंग काका आपला मृदंग घेऊन, ती सहा मुलं बरोबर घेऊन. तुम्ही निर्णय घेण्याआधी एकदा अठरा जणांना ओळीत उभं करा, कोठडीचा प्रसंग लावा आणि कार्यकारिणीतल्या सगळ्यांनी समोर बसून बघा. मग सात जणांना उभं करून तोच प्रसंग पुन्हा बघा.

आपले नेहमीचे प्रेक्षक,
सांगली-मिरज